गर्भ राहिला नाही, तर "तू काय केलंस?" हा प्रश्न आता बंद करूया

कणकुंबी

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात माझं माहेर. गेल्या महिन्यात वहिनीचा गर्भ नवव्या आठवड्यात थांबल्याचं सोनोग्राफीत कळलं आणि पिशवी साफ करून घ्यावी लागली. तिची तब्येत आता बरी आहे. धागा काढतेय तो दुसऱ्याच कारणासाठी.

भेटायला येणारी प्रत्येक बाई चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारते. "घागर उचललीस काय?" "पपई खाल्ली असशील." "जांबोटीच्या रस्त्यानं स्कूटीवरनं गेलतीस नव्हे?" "ग्रहणात बाहेर आलतीस काय?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, खरं सगळ्या प्रश्नांचा अर्थ एकच निघतो, की तूच काहीतरी केलंस. वहिनी आता रात्र रात्र मागचे दिवस आठवत बसते. कधी वाकली, कधी धावली, कधी काय खाल्लं. माझी आईसुद्धा विचारणाऱ्यांत आहे, म्हणून जास्त लागतं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. इथे दवाखान्यात काम करणारे, आशा म्हणून काम केलेले, स्वतः यातून गेलेले बरेच जण आहेत. घरात मोठ्यानं वाचून दाखवता येईल अशा साध्या मराठीत लिहा. गर्भ का थांबतो, काय केल्यानं थांबत नाही, दवाखान्यात कधी धावायचं, पुढे काय तपासायचं. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये कागद भरपूर मिळतात, पण आईच्या हातात देता येईल असं मला काही सापडलं नाही.

शहापूरची_सून

धागा काढलास ते फार बरं केलंस. माझ्या वेळी "दुचाकीवर बसलीस म्हणून" असं ठरलं होतं. अजून कुणीतरी बोलून जातं.

मार्कंडेय

कणकुंबी, मी बेळगावात स्त्रीरोग विभागात काम करते. वेळ मिळेल तसं लिहीन. आधी तुमच्या आईंना वाचून दाखवायची गोष्ट.

रक्त दिसलं तो दिवस आणि गर्भाची वाढ थांबली तो दिवस, हे दोन वेगळे दिवस असतात. मध्ये कित्येकदा आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त काळ गेलेला असतो. सोनोग्राफीत नवव्या आठवड्यात ठोके दिसले नाहीत आणि गर्भाचं माप सात आठवड्यांचं आलं, तर वाढ साधारण सातव्या आठवड्यातच थांबली होती. घरात मात्र चौकशी होते ती आदल्या दोन दिवसांची. परवा घागर उचलली, काल खड्ड्यातून गाडी गेली. तोवर गर्भ थांबून बरेच दिवस झालेले असतात. घागरीचा त्याच्याशी संबंध लावताच येत नाही.

आता कारण. दिवस राहिल्याचं कळलेल्या दर १०० गर्भारपणांत साधारण १० ते २० अशीच संपतात, आणि त्यातली बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत. अशा लवकर थांबलेल्या गर्भांची तपासणी केली तर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांची गडबड सापडते. आईकडून २३ आणि बापाकडून २३ गुणसूत्रं येतात. बीजं तयार होताना किंवा पहिल्या पेशी दुभागताना एखादं गुणसूत्र जास्त येतं नाहीतर एखादं कमी पडतं. मोठी पोथी हातानं उतरवून घेताना एखादं पान दोनदा लिहिलं जावं, तसं. गर्भपातांत जास्तीचं गुणसूत्र सापडतं त्यात सगळ्यात जास्त वेळा ते १६ वं असतं, आणि असा गर्भ सहसा पुढे वाढूच शकत नाही. हे ठरतं दिवस राहतात त्याच सुमाराला. तेव्हा तिची पाळीसुद्धा चुकलेली नसते. त्यानंतर तिनं काय खाल्लं, कुठे गेली, यानं त्यात फरक पडत नाही.

वयाचा संबंध आहे. विशी-तिशीत हे प्रमाण कमी असतं, पस्तिशीनंतर वाढतं, चाळिशीच्या पुढे दर तीनांत एकापेक्षाही जास्त होतं. बीजं जुनी होतात तशा या चुका वाढतात. बापाचं वय जास्त असलं तरी थोडा फरक पडतो, पण त्याला कुणी विचारत नाही.

बाकीचं उद्या. ड्यूटीवर निघालेय.

जांबोटीकर

मार्कंडेय मॅडम, नवरा म्हणून विचारतो. आमच्या वेळी पहिल्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, तर "आठवड्यानं परत या" म्हणाले. तो आठवडा कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. परत गेलो तर तेच. तेव्हा वाटलं, लगेच काही केलं असतं तर वाचलं असतं काय? का त्यांनी वेळ घालवला? हा राग अजून आहे, म्हणून स्पष्ट विचारतो.

दुसरं म्हणजे बायकोला जिथे ठेवलं होतं तिथे आजूबाजूला सगळ्या बाळंतिणी. पलीकडच्या खाटेवर बाळ रडतंय आणि हिचं अंग थरथरतंय. दवाखान्याचं नाव घेत नाही, बाकी उपचार चांगले केले. खरं एक पडदा तरी लावता आला असता. आणि सही घेतलेला कागद सगळा कन्नडमध्ये होता. मला बोलता येतं, वाचता येत नाही. काय लिहिलंय ते कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

मार्कंडेय

जांबोटीकर, तुमचा राग समजतो. पण तो आठवडा वाया गेलेला नव्हता, तो गर्भाच्या बाजूनं दिलेला होता.

पाळीच्या तारखेवरून काढलेले आठवडे नेहमी बरोबर नसतात. एखादीला बीज उशिरा सुटतं आणि सातवा आठवडा समजून तपासलेला गर्भ प्रत्यक्षात साडेपाच आठवड्यांचा असतो. त्या वयात ठोके दिसत नाहीतच, ते साधारण सहाव्या आठवड्यानंतर दिसायला लागतात. म्हणून नियम कडक आहेत. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलीमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा गर्भाभोवती असते त्या पाण्याच्या पिशवीचं सरासरी माप २५ मिलीमीटर झालं तरी आत गर्भ नसेल, तरच गर्भ थांबला असं म्हणायचं. माप त्याहून कमी असेल तर ७ ते १४ दिवसांनी परत बघायचं. घाई केली तर जिवंत गर्भ काढला जायचा धोका असतो. आणि थांबलेला गर्भ त्या आठवड्यात कुठल्याही औषधानं सुरू झाला नसता. इतकं तरी कुणी तुम्हाला खुर्चीवर बसवून सांगायला हवं होतं.

कागदाचं म्हणाल तर सही करण्याआधी "मराठीत सांगा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. इथल्या दवाखान्यांत मराठी जाणणारी एक तरी सिस्टर, आया, वॉर्डबॉय असतोच. बोलवायला लावा.

वेदगंगा

सगळं पटतं, पण एका गोष्टीवर बोलायलाच हवं. मी निपाणीची. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळायला बायका पिढ्यान् पिढ्या आहेत. दिवसभर हात तंबाखूत, नाकात तंबाखूची धूळ. त्यात सकाळ-संध्याकाळ मशेरी. सातव्या महिन्यातसुद्धा मशेरी लावणाऱ्या बायका माझ्या गल्लीत आहेत. "बाईच्या हातात काही नसतं" असं आपण सरसकट म्हटलं, तर मग तंबाखूबद्दल बोलायचं कुणी?

कणकुंबी

वेदगंगा, बरोबर मुद्दा आहे. मी तसं सरसकट म्हणत नाही. पण वखारीत जाणाऱ्या बाईला "तू तंबाखूत हात घातलास म्हणून गेलं" असं म्हणणं आणि "या धंद्यात गर्भार बाईला दुसरं काम मिळायला हवं" असं म्हणणं यात फार अंतर आहे. पहिलं बोलणं सोपं असतं, म्हणून तेच होतं.

मार्कंडेय

दोघींचंही खरं आहे. तंबाखूमुळे धोका वाढतो हे नक्की आहे. ओढलेली असो, चघळलेली असो, दातांना लावलेली असो. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. मशेरी-तंबाखू लावणाऱ्या गर्भार बायकांची बाळं वजनाला कमी भरतात, पोटात दगावण्याचं प्रमाण जास्त असतं, हे आपल्या देशातल्या अभ्यासांतही दिसलंय. ओल्या किंवा भुकटी तंबाखूतून निकोटिन कातडीवाटेही शिरतं. नवरा घरात विडी-सिगारेट ओढत असेल तर तो धूरही तिच्याच छातीत जातो.

मशेरीची सवय दोन दिवसांत सुटत नाही. ती सुटायला मदत लागते. "सोड म्हटलं की सोड" असं दरडावलं की बाई लपवून लावते, मग आम्हाला कळतही नाही. आम्ही कार्डावर नोंद करताना विचारतो तेव्हा सासू शेजारी उभी असेल तर उत्तर नेहमी "नाही" येतं. सासूबाईंना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं की खरं बाहेर येतं.

आणखी काही धोके खरे आहेत. साखर ताब्यात नसणं, थायरॉइड बिघडलेला असणं, दारू, मलेरियासारखा मोठा ताप, न तापवलेल्या दुधातून येणारे काही आजार (घरी गाई-म्हशी आहेत म्हणून धारोष्ण दूध पिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं). दिवसभर जड ओझी वाहण्याचं काम, वीटभट्टीवरचं किंवा ऊसतोडीचं, हेही बरं नाही. पण घरातली एक घागर, एक पायरी, एक स्कूटीची फेरी त्या यादीत बसत नाही.

घटप्रभा_काठचा

मी वयानं मोठा आहे, म्हणून जरा वेगळं बोलतो. आमच्या वाडवडिलांनी गर्भार बाईला पपई, तीळ, अननस देऊ नका, पहिले तीन महिने जपा, असं काही उगीच सांगितलं नाही. आता सगळंच खोटं म्हणायचं काय? आमच्या आईनं सुनांना पहिले तीन महिने चुलीपुढे बसू दिलं नाही. आमच्या घरात असं कधी झालं नाही.

मार्कंडेय

काका, नमस्कार. कच्च्या पपईच्या चिकात गर्भाशय आकसवणारा घटक असतो, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणून कच्ची पपई टाळा म्हटलं तर माझी हरकत नाही. पिकलेल्या पपईच्या फोडी, लाडवातले तीळ, अननसाचे काप यानं गर्भ पडत नाही. पडत असता तर नको असलेल्या गर्भासाठी बायकांना इतक्या यातना सोसाव्या लागल्याच नसत्या. ग्रहणाचंही तसंच, सावलीचा खेळ आहे तो, गर्भापर्यंत काही पोचत नाही.

खाटेवर झोपून राहण्यानं गर्भ वाचतो असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट महिनोन् महिने पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. पण तुमच्या आईंनी सुनांना चुलीपुढून उठवलं, ते मला फार आवडलं. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, थकवा इतका असतो की त्या काळात बाईला धुरातून आणि कामातून मोकळं करणं ही खरी सेवा आहे. ती करावी, फक्त गर्भ "धरून ठेवण्यासाठी" म्हणून करू नये. कारण मग गर्भ राहिला नाही की लगेच हिशेब मांडला जातो, कुठल्या दिवशी ती उठली होती.

घटप्रभा_काठचा

हे मान्य.

हलशी

मी खानापूर भागात आशाताईंबरोबर बरीच वर्षं काम केलंय. एक वेगळी अडचण सांगते.

आपल्याकडे तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. त्यामुळे नाव घालायला, तायी कार्ड (गर्भार बाईच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) काढायला बायका चौथ्या महिन्यात येतात. तोवर फॉलिक ॲसिडची गोळी सुरू नाही, रक्तगट माहीत नाही, हिमोग्लोबिन नाही, थायरॉइड नाही. मग दहाव्या आठवड्यात रक्त जायला लागलं की मध्यरात्री सगळी धावाधाव. कुठल्या डॉक्टरकडे जायचं तेही ठरलेलं नसतं, आणि आशाताईला फोन करावा तर तिला बातमीच माहीत नाही.

गावभर सांगू नका, तुमची मर्जी. पण आशाताईला, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरला पाळी चुकल्या चुकल्या सांगा. त्यांच्या तोंडून बाहेर जात नाही.

आणखी एक. लपवल्यामुळे गर्भ गेल्यावरही बाईला रडता येत नाही. कुणाला माहीतच नव्हतं, मग रडायचं कशासाठी सांगून? दुसऱ्या दिवशी शेतात. असं मी कितीदा बघितलं.

राकसकोप_पाणी

एक शंका, नाव न घेता विचारते. माझ्या बहिणीला घाबरवलं होतं की गर्भपात झाला म्हणून दवाखान्यात गेलीस तर पोलीस केस होईल, मुलगी होती म्हणून पाडलं म्हणतील. म्हणून ती दोन दिवस रक्त जात असताना घरीच थांबली. खरंच असं होतं काय?

मार्कंडेय

नाही. गर्भ आपोआप थांबला किंवा पडायला लागला, तर त्यावर उपचार घेणं हा कुठल्याही कायद्यानं गुन्हा नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा मुद्दाम केलेल्या गर्भपातासाठी आहे, आणि १९९४ चा कायदा गर्भलिंग तपासणीविरुद्ध आहे. सोनोग्राफीच्या वेळी फॉर्म भरून घेतात तो या दुसऱ्या कायद्यासाठी, सगळ्यांचाच भरतात. तुमच्या बहिणीला हे आत्ताच फोन करून सांगा.

आणि ज्या गोष्टीसाठी थांबायचंच नाही ते लिहिते. तासाला दोन मोठी पॅड भिजतायत आणि असं लागोपाठ दोन तास चाललंय. चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ताप आणि थंडी, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास. पोटात एका बाजूला जोराची कळ, किंवा खांद्याच्या टोकाला दुखणं. यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं निघा. निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ असेल तर कोल्हापूर, अथणीवाल्यांना मिरज जवळ असेल तर मिरज. तेव्हा राज्य बघत बसू नका. कळ एका बाजूला आणि खांदा दुखणं हे गर्भ नळीत अडकल्याचं लक्षण असू शकतं. दर १०० गर्भारपणांत एक-दोन वेळा असं होतं, आणि नळी फुटली तर आत रक्त साचून काही तासांत जीव जाऊ शकतो. बाहेर रक्त थोडंच दिसतं, त्यामुळे घरचे फसतात.

थोडंसं डाग दिसणं मात्र वेगळं. पहिल्या तीन महिन्यांत चारांतल्या एखाद्या बाईला थोडं तरी रक्त दिसतं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं गर्भारपण पुढे नीट चालतं. तपासून घ्यावं, लगेच धीर सोडू नये.

शहापूरची_सून

मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच "साफ" करतात त्याबद्दल पण लिहा ना. आमच्याकडे दोघी-तिघींनी केलंय.

मार्कंडेय

लिहिते. गर्भ थांबला असं नक्की झालं की तीन वाटा असतात. वाट बघायची, बऱ्याच जणींचं दोन-तीन आठवड्यांत आपोआप निघून जातं. गोळ्या घ्यायच्या, मिसोप्रोस्टॉल, आणि शक्य असेल तिथे त्याआधी मिफेप्रिस्टोन, दोन्ही मिळून जास्त चांगलं काम करतात. किंवा पिशवी साफ करायची. यात खरवडण्यापेक्षा नळीनं ओढून घेण्याची पद्धत सुरक्षित, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. वारंवार खरवडलं तर पिशवीचं अस्तर आत चिकटू शकतं, म्हणून "कसं करणार?" हे विचारून घ्या. रक्त फार जात नसेल आणि ताप नसेल, तर यातलं काय करायचं ते बाईनं ठरवावं. पुष्कळदा नवरा आणि सासू बाहेर ठरवतात आणि ती आत टेबलावर पडलेली असते.

मेडिकलमधून स्वतः गोळ्या घेण्यात भीती ही की गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही, उलट कळा आणि रक्त "गोळीमुळेच" असं समजून बाई घरी बसते. सोनोग्राफीशिवाय घ्यायच्याच नाहीत.

या मिसोप्रोस्टॉलचा आपल्या जिल्ह्याशी जुना संबंध आहे, म्हणून जाता जाता सांगते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव या गोळीनं टाळता येतो काय, हे बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत १,६२० बायकांवर तपासलं गेलं. गोळ्या दिल्या त्या गावच्या नर्स-दाईंनी. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि जगभर वापरलं गेलं. आपल्याच आया-मावश्यांमुळे कळलेली गोष्ट आहे ही.

तिलारी

माझं दोनदा झालंय. पहिलं आठव्या आठवड्यात, दुसरं दहाव्या. दुसऱ्यानंतर टॉर्च नावाची महागडी तपासणी करायला लावली, त्यात काहीतरी "पॉझिटिव्ह" आलं, म्हणून महिनाभर औषधं. सासरचे म्हणतात सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाऊन ये, तेही केलं. आणि आमचं लग्न नात्यातलं, आत्याच्या मुलाशी. त्यामुळे होतंय काय? मला खरं काय ते कुणीतरी सांगा.

मार्कंडेय

तिलारी, सौंदत्तीला जाऊन मनाला बरं वाटलं असेल तर चांगलंच झालं. त्याबद्दल कुणालाही उत्तर द्यायची गरज नाही.

टॉर्चमध्ये बहुतेक वेळा जुन्या होऊन गेलेल्या संसर्गाच्या खुणा सापडतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या रक्तात त्या असतातच. लागोपाठ गर्भपातांचं कारण शोधायला ही तपासणी मोठ्या वैद्यकीय संस्था सुचवत नाहीत, तरी आपल्याकडे ती सर्रास लिहिली जाते. हे मला बोललंच पाहिजे, कारण त्या पैशात उपयोगाच्या तपासण्या होतात.

दोनदा झाल्यावर बघायचं ते हे. अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या एका दोषाची तपासणी, १२ आठवड्यांच्या अंतरानं दोनदा. ही सापडली तर कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात आणि त्याचा उपयोग होतो. मग थायरॉइड, साखर. गर्भाशयाची ठेवण, आत पडदा वगैरे आहे काय ते, चांगल्या सोनोग्राफीत दिसतं. काही जोडप्यांत दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी, दोघांच्या, एकटीच्या नाही. तिसऱ्या वेळी पडलेला गर्भ तपासायला पाठवता आला तर बरीच माहिती मिळते. तुमच्यावर ती वेळ न येवो. चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा न येता पिशवीचं तोंड उघडून गर्भ जाणं हा प्रकार वेगळा. त्यात टाका घालतात. तुमच्यात तो दिसत नाही.

प्रोजेस्टेरॉनबद्दल (गर्भ टिकायला लागणारं संप्रेरक) विचारलं नाहीत, पण हातात चिठ्ठी असणारच. आधी गर्भपात झालेला आहे आणि आता परत सुरुवातीला रक्त दिसतंय, अशा बाईला योनीमार्गानं दिलेल्या प्रोजेस्टेरॉनचा फायदा होतो, असं २०१९ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. रक्त जात नसताना, "जपायला म्हणून" सगळ्यांनाच इंजेक्शनं देण्याला तसा आधार नाही.

नात्यातलं लग्न. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात मुलाला जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांच्या आसपास जाते. लवकरच्या गर्भपातांशी मात्र त्याचा तितका पक्का संबंध दिसलेला नाही. म्हणून सासरच्यांना "नात्यामुळेच" म्हणू देऊ नका आणि स्वतःही म्हणू नका. घराण्यात कुणाला रक्ताचा किंवा मतिमंदत्वाचा आजार असेल तर तेवढं डॉक्टरांना सांगा.

आणि सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या तर घाबरू नका. दोनदा झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं मूल काही उपचारांशिवाय नीट होतं.

तिलारी

मॅडम, इतकं कुणी बसवून सांगितलं नव्हतं. शेवटची ओळ परत परत वाचतेय.

उद्यमबाग

कारखान्याच्या ऑफिसात पगार-रजेचं काम बघतो, म्हणून तेवढंच लिहितो. गर्भपात झाल्यावर ६ आठवड्यांची भरपगारी रजा हा हक्क आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात ती होती, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. दवाखान्याचा दाखला जोडायचा. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर पैसे तिकडून मिळतात. कंत्राटी बाईलाही हे लागू आहे. पुष्कळ बायका "अंगात कणकण आहे" सांगून दोन दिवसांची सुट्टी घेतात आणि तिसऱ्या दिवशी उभं राहून काम करतात. कुणी सांगितलंच नाही तर आम्ही तरी काय मंजूर करणार? साहेबांना सांगायला संकोच वाटत असेल तर ऑफिसातल्या एखाद्या बाईकडे द्या अर्ज.

जांबोटीकर

एक सांगायचं राहिलं. माझी बायको तीन-चार महिने बोलायचीच नाही. मी समजलो, विसरली. नंतर कळलं की ती रोज दुपारी एकटी असताना रडायची. घरात "जाऊ दे, परत होईल" एवढंच सगळे म्हणायचे. मीही तेच म्हणायचो, दुसरं काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

मार्कंडेय

"परत होईल" हे तिच्या त्या बाळाबद्दल बोलणं नसतं ना, म्हणून पोचत नाही. "मलाही वाईट वाटतंय" एवढं नवऱ्यानं म्हटलं तरी पुरतं. लंडनमध्ये झालेल्या आणि २०२० साली छापून आलेल्या एका अभ्यासात लवकर गर्भ गेल्यावर महिन्याभरानं साधारण २९ टक्के बायकांत मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणं होती. दचकणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं. नऊ महिन्यांनीही १८ टक्क्यांत ती होती. झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागली, तर थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

परत कधी, हेही नेहमी विचारतात. पाळी साधारण ४ ते ६ आठवड्यांत येते, पण बीज त्याआधीच सुटू शकतं, म्हणून लगेच नको असेल तर काळजी घ्या. पूर्वी सहा महिने थांबा म्हणायचे. नंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस राहिलेल्यांचं काही वाईट झालेलं दिसलं नाही. हिमोग्लोबिन बरं आहे, तिचं मन तयार आहे, तर चालतं. तिचं मन, घराचं नव्हे.

कणकुंबी

काल रात्री जेवणं झाल्यावर मी हा धागा घरात वाचून दाखवला. दादा, वहिनी, आई, आणि नेमक्या आलेल्या शेजारच्या काकू. दोन वेगळे दिवस असतात, हा भाग आईनं परत वाचायला लावला. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही विचारत होतो तो दिवसच चुकीचा म्हण की." काकूंना पपईचं अजून पटलेलं नाही, त्या तशाच उठून गेल्या. दादानं रिपोर्ट काढून माप बघितलं. पाळीवरून नऊ आठवडे होते, गर्भाचं माप साडेसातच्या आसपासचं. वहिनीनं तो कागद त्याच्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघत होती. माझी एवढीच विनंती आहे, ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी रिपोर्टवरचं माप डॉक्टरांना विचारून घ्या आणि विचारणाऱ्यांना दाखवा.

मलप्रभा_२

उशिरा आलोय, पण घाईचं आहे. बायकोचं चौदाव्या आठवड्यात झालं, पिशवी साफ केली, शनिवारी घरी आणलं. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह, माझा बी पॉझिटिव्ह. आज पाचवा दिवस. आत्ता इथे वाचताना कुणीतरी रक्तगटाचं लिहिलंय ते बघून कार्ड काढलं, त्यात इंजेक्शनची नोंद दिसत नाही. काही करायचं असतं काय?

मार्कंडेय

हो, आणि आजच. अँटी-डी नावाचं इंजेक्शन लागतं. पोटातल्या गर्भाचा गट पॉझिटिव्ह असेल तर त्याच्या रक्ताविरुद्ध तिच्या अंगात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. या वेळी त्याचा त्रास नाही, पण पुढच्या बाळाचं रक्त ती नष्ट करतात. इंजेक्शन ७२ तासांत द्यायचं असतं, पण चुकलं म्हणून सोडून द्यायचं नाही. १० दिवसांपर्यंत दिलं तरी काही संरक्षण मिळू शकतं.

आधी जिथे साफ केलं तिथे फोन करून विचारा, कधीकधी दिलेलं असतं आणि कार्डावर लिहायचं राहतं. दिलं नसेल तर डिस्चार्जचा कागद आणि दोघांचे रक्तगटाचे कागद घेऊन लगेच निघा. इंजेक्शन थंड पेटीत ठेवावं लागतं, लहान मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही, म्हणून आधी फोन करून चौकशी करा. देण्याआधी इनडायरेक्ट कूम्ब्स नावाची रक्ततपासणी करतील, ती करू द्या. आणि दिल्यावर तारीख आणि मात्रा कार्डावर लिहून घ्या, पुढच्या वेळी पहिल्याच भेटीत ते दाखवायला लागेल.

मलप्रभा_२

फोन केला. दिलेलं नाही म्हणाले, आता या म्हणतात. रिक्षा बोलावलीय.

हलशी

तिच्या पाण्याची बाटली आणि पॅड बरोबर घ्या, तिला रिक्षात आडवं टेकून बसवा. घरी आल्यावर कार्डाचा फोटो आशाताईला पाठवा.